कुंडलिकचं मुंडासं

राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या अलीकडं, माळदरे नावाची एक वाडी आहे. त्या वाडीत कुंडलिकइतकं देखणं औत हाकणारा दुसरा माणूस नव्हता. हे कुंडलिकला कुणी सांगावं लागत नसे, तोच सगळ्यांना सांगत असे. भाताच्या खाचरात चिखलणी करताना त्याचे बैल, गुलब्या आणि खैऱ्या, नुसत्या आवाजावर वळायचे. आसूड त्यानं शोभेपुरता खांद्यावर टाकलेला असायचा. डोक्याला तांबडं मुंडासं, वर चढवलेल्या मिशा आणि तोंडात सदा काहीतरी बढाई, असा हा गडी.

असा माणूस हिरड्याच्या झाडावरून पडला. दर उन्हाळ्यात सगळी वाडी कोवळा हिरडा गोळा करायला रानात जाते, तसा तोही गेला होता. फांदी मोडली, खाली खडक होता, आणि हाड बसवणाऱ्यानं त्याचा उजवा पाय असा काही बसवला की तो पुन्हा सरळ झालाच नाही. चिखलात उभं राहणं संपलं. कुंडलिक ओसरीवर आला तो ओसरीचाच झाला. काठी टेकत परसापर्यंत जाई, परत येई आणि उरलेला दिवस येणाऱ्याजाणाऱ्याच्या औताला नावं ठेवण्यात घालवी. मुंडासं खुंटीला लागलं ते तिथंच राहिलं. घरात बसणाऱ्याला मुंडासं कशाला, असं तो म्हणायचा आणि भिंतीकडं तोंड करायचा.

औत मग गेनूनं धरलं. गेनू त्याचा एकुलता एक पोरगा, भोरला आत्याकडं राहून हायस्कुलात शिकत होता. आत्या बाळाबाई चार घरची धुणीभांडी करून स्वतःचं पोट भरायची, त्यात तिनं भाच्याचंही एक ताट मांडलं होतं. चिखलणी आली की गेनू पुस्तकं आत्याच्या फडताळात ठेवायचा, एसटीनं घरी यायचा आणि लावणी उरकेपर्यंत चिखलात राबायचा. परत गेल्यावर बुडालेला अभ्यास कसा भरून काढायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. ओसरीवरून कुंडलिक त्याच्या औतालाही नावं ठेवत असे, पण जरा हळू आवाजात.

सदुसष्ट सालच्या जूनमध्ये गेनू अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झाला, तोही पहिल्या वर्गात. घरात कुणाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. भोरचे हेडमास्तर स्वतः आत्याच्या दारात आले आणि म्हणाले, पोराला पुण्याला कॉलेजात घालायचं, फी माफ होईल, बोर्डिंगात वाढप्याचं काम केलं तर राहणं-जेवणही सुटेल, तेवढं मी बघतो. म्हणजे सगळ्या अडचणी मास्तरांनी सोडवल्या होत्या. एक सोडून. ती मास्तरांना कळण्यासारखी नव्हती.

ती अडचण म्हणजे सावड. त्या खोऱ्यात भाताची लावणी एकेकट्यानं होत नाही. आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर, उद्या माझं, अशी ती रीत. प्रत्येक घरानं एक औत द्यायचं, औतामागं एक गडी द्यायचा, आणि घरात मोकळी असेल ती बाई रोपं लावायला धाडायची. यात मजुरी नाही, उपकार नाही. ज्याचं औत येतं त्याचं भात लागतं. ज्याचं येत नाही त्यानं आपली रोपं वाफ्यात पिवळी होताना बघत बसावं. आणि औताला बाईनं हात लावायचा नाही, हे तर पाटीवर लिहून ठेवायचीही गरज नव्हती. बाईचा हात लागला की पाऊस पळतो, एवढं शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

गेनू निकाल घेऊन घरी आला त्या संध्याकाळी त्याच्या आईनं, धोंडाबाईनं, गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला. मग गेनूच म्हणाला, "औत कोन हाकणार, दादा?"

कुंडलिकनं काठी भिंतीला टेकवली. हा प्रश्न निकालाच्याही आधीपासून त्याच्या पोटात होता. पोरगं पहिल्या वर्गात पास झालं म्हणून छाती फुगत होती आणि त्याच छातीत काहीतरी खुपतही होतं. "मंग काय," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे कालेज. अकरावी काय थोडी झाली?"

चुलीपाशी बसलेली धोंडाबाई मान वर न करता म्हणाली, "औत म्या हाकीन."

कुंडलिकला आधी वाटलं, बायको थट्टा करते आहे. पण धोंडाबाई थट्टा करणाऱ्यांतली नव्हती. तिनं भाकरी उलटली आणि पुन्हा तेच म्हणाली.

"माज्या जित्यापनी?" कुंडलिक म्हणाला. "लोक म्हनतील, कुंडलिक हाय का मेला?"

"लोकांनी तीन वर्सांत इचारलं का, कुंडलिक कसा हाय म्हनून?" धोंडाबाई म्हणाली. "पोरगं पुन्याला जाईल. औत म्या हाकीन. तुमाला बगवत नसंल तर तकडं भिंतीकडं तोंड करून बसा. सवय हायेच तुमाला."

हे शेवटचं वाक्य कुंडलिकच्या फार जिव्हारी लागलं. त्यानं बायकोशी बोलणं टाकलं. पण पोराला अडवायचं कसं, ते काही त्याला सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्याला ते सुचायलाही नको होतं. गेनू निघाला तेव्हा तो ओसरीवर पाठ करून पडून होता. गेनूनं त्याच्या पायाला हात लावला, त्या वाकड्या पायाला, आणि म्हणाला, "दादा, सावडीनं आपल्याला टाकलं तर निरोप धाडा. म्या लगोलग माघारी येतो." पोरगं उताराला लागल्यावर मात्र त्यानं उठून, खांबाला धरून, ते झाडाआड होईपर्यंत बघितलं.

वाडीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. सगळ्यांत जास्त तोंड सोडलं ते सगुणाबाईनं. ती विधवा. तिचं औत तिचं कोवळं पोरगं सावळाराम शाळा बुडवून कसंबसं हाकायचं. पाणवठ्यावर ती सगळ्या बायांसमोर धोंडाबाईला म्हणाली, "माजा तर नवरा मेला, तरी म्या औताला हात लावला न्हाई. तुजा तर जिता हाय." धोंडाबाईनं हंडा डोक्यावर घेतला आणि चालू लागली. सावडीचा म्होरक्या चिमाजीतात्या. पाऊसपाणी, रीतभात, कुणाचं खाचर आधी आणि कुणाचं नंतर, सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. तो एवढंच म्हणाला, "खाचरात बघू." याचा अर्थ काहीही होऊ शकत होता, आणि तेच वाईट होतं.

सावडीचा पहिला दिवस दरवर्षी कुंडलिकच्या खाचरात असे. चांगल्या औताचा तो मान होता. कुंडलिक पडल्यावरही तो मान कुणी काढून घेतला नव्हता. त्या सकाळी सगळी वाडी औतं घेऊन त्याच्या बांधावर आली, पण एकानंही बैल खाचरात घातले नाहीत. रीतच तशी, ज्याचं खाचर त्याचं औत आधी उतरायला हवं.

ओसरीवरून खाचर सबंध दिसत होतं. कुंडलिक भिंतीकडं तोंड करून पडला होता. निदान सुरुवातीला तरी.

धोंडाबाईनं काष्टा खोचला, नांगराच्या मुठीवर, रुमण्यावर, हात ठेवला आणि बैलांना हाक दिली. गुलब्या आणि खैऱ्या जागचे हलले नाहीत. तिनं कासरा ओढला. खैऱ्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा समोर बघितलं. या बैलांना ती रोज वैरण घालायची, पाणी पाजायची, गोचिड्या काढायची. पण वैरण घालणारी आवाज देते म्हणजे नक्की काय करायचं, हे काही त्यांना उमगेना. बांधावर कुणीतरी हसलं. "बैलांलाबी कळतंय," सगुणाबाईचा आवाज आला. धोंडाबाईनं आसूड उचलला. तिनं जन्मात बैलाला मारलं नव्हतं. हात तसाच वर राहिला.

ओसरीवर कुंडलिक उठून बसला. बायकोचं त्याला वाईट वाटलं का? वाटलंच असेल. पण तो माणूस आधी औताचा होता, हे विसरून चालणार नाही. खरं तर त्याला बघवलं नाही ते रुमणं. रुमणं चुकीचं धरलं होतं. दाब पुढं पडत होता. फाळ असा रुतला तर बैल कशाला हलतील? कोणतेच हलणार नाहीत. त्यानं काठी घेतली. परसापर्यंत जाणारा माणूस परस ओलांडून, घसरड्या पायवाटेनं, एकदा पडून आणि पुन्हा उठून, बांधावर जाऊन पोचला. तिथं त्यानं बसकण मारली आणि तीन वर्षं पोटात साठलेला आवाज बाहेर काढला.

"गुलब्या, चल माज्या राजा. हां. चल रं."

बैलांनी कान टवकारले. मग दोघंही असे चालू लागले की धोंडाबाईला रुमण्यामागं धावावं लागलं.

"मागं रेल," कुंडलिक ओरडला. तो बायकोशी बोलत नव्हता हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. "रुमन्यावर पडू नगंस, मागं रेल. त्येला वाटलं पायजे तू हायेस. हां. खैऱ्या, वळ. वळ म्हनतो ना. आता उचल. उचल की गं."

पहिला फेरा वाकडा गेला. दुसराही. मग हात तिचे आणि आवाज त्याचा असं जमत गेलं. बांधावर आता कुणी हसत नव्हतं. एवढ्यात डोंगरावरून मोठी सर आली. धोंडाबाईच्या डोक्यावरून पदर घसरला, पाणी डोळ्यांत जायला लागलं आणि औत पुन्हा तिरपं झालं. कुंडलिक काठी आपटत म्हणाला, "अरं, कुनीतरी माजं मुंडासं आना. खुंटीला हाय. तिला दिसंना झालंय." एक पोर पळत गेलं आणि घेऊन आलं. कुंडलिकनं बायकोला बांधापाशी बोलावलं, चिखलात गुडघाभर उभ्या असलेल्या धोंडाबाईच्या डोक्याला बसल्याबसल्या स्वतःच्या हातानं मुंडासं गुंडाळलं आणि शेव मागं खोचला. यामागं त्याच्या मनात काहीही नव्हतं. नांगराचा तास वाकडा जाऊ नये, एवढंच होतं.

मग सगळे चिमाजीतात्याकडं बघू लागले. म्हातारा पानांच्या इरल्याखाली उभा होता, मान जरा तिरपी करून. कुंडलिकला आत्ता कळलं की आपण काय केलं. आता तात्या मान हलवेल, औतं माघारी फिरतील, निरोप पुण्याला जाईल आणि पोरगं पुस्तकं गुंडाळून परत येईल. तीन वर्षांत तो स्वतःसाठी कुणाकडं काही मागायला गेला नव्हता. आताही तो नुसता तात्याकडं बघत राहिला.

"मुंडासं कुनाचं?" तात्यानं विचारलं.

"कुंडलिकचं," कुणीतरी म्हणालं.

"बैलांला आवाज कुनाचा?"

"कुंडलिकचाच की."

"मंग औत कुनाचं झालं?" तात्या म्हणाला आणि वाट न बघता पुढं बोलला, "कुंडलिकचं औत आलंय. उतरा आता खाली. पाऊस थांबायचा न्हाई तुमच्यासाटी."

रीत मोडली असं कुणाला म्हणता येईना आणि पाळली असंही म्हणता येईना. एकेक करून सगळी औतं खाचरात उतरली. कुंडलिकनं मान खाली घालून बांधावरची माती उगाच चाचपली. डोळे भरले होते, पण पाऊस असल्यानं निभावलं.

त्या वर्षी पाऊस पळाला नाही. उलट इतका लागला की पुष्याचा म्हातारा पाऊसही पुनर्वसूच्या तरण्या पावसासारखा कोसळला. पुण्याला निरोप गेला तो एवढाच, की शिक्षण सोडू नको, औत चालू आहे.

कुणाच्याही खाचरात सावड असली की धोंडाबाई मुंडासं बांधून औत घेऊन जायची आणि मागोमाग कुंडलिक निघायचा. वाटेत ओढा लागला तर वाडीतला बाजीराव त्याला पाठुंगळी घ्यायचा. बाजीराव त्याच्यापेक्षा दांडगा, पण औत हाकण्यात जेमतेम. पाठीवर बसूनही कुंडलिक त्याला त्याच्या चुका सांगायचा. बांधावर पोचला की इरल्याखाली बसून आवाज द्यायचा, आधी आपल्या बैलांना, मग शेजारच्याच्या, मग सगुणाबाईचे सोडून सगळ्यांच्याच. माणूस पुन्हा बढाया मारायला लागला. वाडीला त्याचा ताप व्हायला लागला आणि बरंही वाटायला लागलं.

गेनू दिवाळीला यायचा, उन्हाळ्यात यायचा. त्याला आई औत हाकते एवढं माहीत होतं. बाकीचं कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी कॉलेजला मधेच सुट्टी पडली म्हणून तो भर लावणीत, न कळवता आला. कुंडलिकला तो लांबूनच दिसला, टेकडीच्या वळणावर, हातात पिशवी घेऊन उभा. पोरगं खाचराकडं बघत होतं. मग अचानक पिशवी बगलेत मारून पळत सुटलं. उतारावरून, बांधावरून, पार खाचराच्या काठापर्यंत. आणि तिथं येऊन एकदम थबकलं. मुंडाशाखाली आईचा चेहरा होता.

तो दम खात बापापाशी आला. "दादा," तो म्हणाला, "मला लांबनं वाटलं, तुमी चालताय. तुमचा आवाज, तुमचं मुंडासं. म्हनलं पाय बरा झाला."

कुंडलिक खाचराकडं बघत होता. धोंडाबाई बैल वळवत होती, मागं रेलून, रुमण्यावर नीट दाब ठेवून.

"झाला की," तो म्हणाला. "त्ये काय चिखलात चाललेत दोन पाय. दिसंनात व्हय तुला?"

गेनूनं पिशवी ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरला. आईच्या हातातून रुमणं घ्यायला गेला तर तिनं दिलं नाही. "तू हातपाय धू," ती म्हणाली. "हे आमचं आमी बगतो. तुजं तू बग." तेव्हा तो तिच्या पायाशी वाकला आणि पाय चिखलात सापडेनात म्हणून हात तसाच चिखलाला लावून कपाळाला नेला. कपाळावर चिखलाचा पट्टा उमटला. दिवसभर तो तसाच होता, त्यानं पुसला नाही.

एकाहत्तर साली गेनू बी.ए. झाला. त्या खोऱ्यात आधी कुणी झालं नव्हतं. वाडीनं मारुतीच्या देवळासमोर त्याला हार घातला. पुढं एम.ए. करायचं म्हणून तो पुण्यातच राहणार होता, आणि हे ऐकून धोंडाबाई नुसतं "व्हय" म्हणाली. म्हणजे अजून दोन पावसाळे औत तिच्याकडं होतं. कुंडलिक तर त्या आठवड्यात पालीपर्यंत जाऊन ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगून आला. एम.ए. म्हणजे काय ते त्याला विचारलं की तो म्हणायचा, "बी.ए.च्या म्होरलं," आणि विचारणाऱ्याकडं अशा नजरेनं बघायचा की पुढं कुणी विचारत नसे. अभिमानानं माणूस फुगतो म्हणतात, हा तर नुसता तरंगत होता. खोटं कशाला बोला, त्याला तो शोभतही होता.

मिरग लागून गेला. वाफ्यातली रोपं वितभर वर आली. एका दुपारी सगुणाबाई कुंडलिकच्या ओसरीच्या कडेला येऊन बसली. ही बाई चार वर्षांत या घराची पायरी चढली नव्हती. ती इकडचं बोलली, तिकडचं बोलली, पदराचं टोक बोटाला गुंडाळून पुन्हा सोडलं. तिचा सावळाराम त्याच जूनमध्ये अकरावी पास झाला होता, हे कुंडलिकला ठाऊक होतं. तोही पहिल्या वर्गात.

"सावळ्या पुन्याला जातो म्हनतोय," शेवटी ती म्हणाली. "तुमच्या गेनूनं सगळं बगितलंय त्याचं, ऱ्हान्या-जेवन्याचं." मग तिनं खुंटीकडं बघितलं. "भावजी, आमच्या घरातलं मुंडासं त्यांच्याबरुबर गेलं, सरणावर. तुमचं पायजे हुतं. सावडीपुरतं."

चार वर्षांपूर्वीचे पाणवठ्यावरचे शब्द कुंडलिकच्या अगदी ओठावर आले. ते बोलायला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता. आणि कुंडलिक म्हणजे असा मुहूर्त वाया घालवणारा माणूस नव्हे. त्यानं तोंड उघडलं आणि बायकोकडं बघितलं.

धोंडाबाई आधीच उठली होती. तिनं खुंटीवरचं मुंडासं काढलं, झटकलं आणि त्याची पहिली घडी उलगडली. तांबडा रंग उन्हापावसानं विटून गेला होता. लांबच लांब पट्टा होता तो. एक शेव तिनं कुंडलिकच्या हातात दिला. "धरा," ती म्हणाली. मग मधोमध दातानं धागा तोडला आणि टर्रकन फाडून त्याचे दोन तुकडे केले. एक तिनं सगुणाबाईच्या मांडीवर ठेवला. दुसरा पुन्हा खुंटीला लावला.

कुंडलिकच्या लग्नातलं मुंडासं होतं ते. तरी त्याला तसं फार वाईट वाटलं नाही, आणि याचंच त्याला नवल वाटलं.

सगुणाबाई तुकडा उराशी धरून बसून राहिली. शेवटी ती उठली आणि पायरी उतरायला लागली.

"थांब," कुंडलिक म्हणाला. "नुसतं मुंडासं घेऊन कुटं निगालीस? तुज्या बैलांची नावं सांग आदी. उद्यापास्नं मला त्यांलाबी हाका माराव्या लागतील."